कोलंबस, पण ओहायोतलं नव्हे

प्रिय सुहास,

इंडियाना राज्यातल्या आमच्या कोलंबसला तुझी बदली पक्की झाली म्हणतोस, तेव्हा तिकिटापासूनच सुरुवात करतो. विमानतळाचा कोड 'आयएनडी', म्हणजे इंडियानापोलिस, आहे ना, एवढं आधी बघ. 'सीएमएच' असेल तर तू ओहायोतल्या कोलंबसला उतरशील. ते ९ लाख वस्तीचं, राज्याच्या राजधानीचं शहर. तिथून इथे यायला गाडीने तीन तासांच्या वर लागतात. घरभाडं, शाळांचे निकाल, पगार, काहीही शोधलंस की आधी तेच कोलंबस समोर येतं. म्हणून शोधताना 'इंडियाना' लिहीच, आणि जोडीला काउंटीचं (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं) नाव 'बार्थोलोम्यू' टाक. मग ओहायो आपोआप गळतं.

तू आकडेमोड केल्याशिवाय पाऊल उचलणार नाहीस, म्हणून आकडे देतो. गावाची वस्ती २००० च्या जनगणनेत ३९,०५९ होती, २०१० ला ४४,०६१, २०२० ला ५०,४७४. सगळी काउंटी मिळून ८२,२०८. आपल्याकडे याला कुणी शहरही म्हणणार नाही, पण इथल्या सरकारी व्याख्येत बार्थोलोम्यू काउंटी हे अख्खं 'महानगर क्षेत्र' आहे. पगाराचा किंवा बेकारीचा आकडा 'कोलंबस' नावाखाली दिसला, तर तो बहुतेक वेळा काउंटीचा असतो, गावाचा नसतो. आजूबाजूची मक्याची नि सोयाबीनची शेतंही त्यात आली.

आणखी एक मेख. जनगणना खात्याचा वार्षिक नमुना सर्व्हे असतो, पण त्याचे एका वर्षाचे आकडे ६५ हजारांवरच्या वस्तीलाच मिळतात. काउंटी त्यात बसते, गाव बसत नाही. गावासाठी पाच वर्षांची सरासरी दिली जाते, आणि सरासरी सगळे खड्डे बुजवून टाकते. कारखान्यात कपात झाली तरी त्या तक्त्यात ती नीट दिसायला वर्षं जातात. त्यामुळे उत्पन्नाचा कल बघायचा तर काउंटीचा वार्षिक आकडा घे, आणि गावात कोण राहतं ते बघायचं तर पाच वर्षांचा.

आपली माणसं शोधायला जाशील तेव्हा 'अमेरिकन इंडियन' या ओळीवर थांबू नकोस. ते इथले मूळ रहिवासी. आपण 'एशियन'च्या पोटात, 'एशियन इंडियन' म्हणून. २०१० ला गावात एशियन साडेपाच टक्क्यांच्या आसपास होते आणि त्यानंतर ते प्रमाण बरंच वाढलंय. या आकाराच्या इंडियानातल्या गावात हे जगावेगळंच. भाषांच्या तक्त्यात मराठी स्वतंत्र सापडत नाही. 'नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय-आर्य भाषा' असं एकच गाठोडं बांधलंय. हिंदी, गुजराती, बंगाली वेगळ्या मोजतात. आपल्याला नेपाळ्यांच्या पंगतीला बसवलंय, असो.

ही सगळी गर्दी इथे का, याचं उत्तर तू रोज कोथरूडच्या गेटवर वाचतोस. डिझेल इंजिनं बनवणारी आपली कंपनी, कमिन्स, १९१९ साली याच गावात सुरू झाली. क्लेसी कमिन्स हा अर्विन या बँकर घराण्याचा ड्रायव्हर आणि मेकॅनिक. पैसा अर्विनांचा, डिझेलचं वेड याचं. कंपनीला पहिला नफा दिसायला १९३७ उजाडलं. पुढे अर्विनांच्याच घरातल्या जे. अर्विन मिलर यांनी ती वाढवली, आणि १९६२ ला पुण्यात किर्लोस्करांबरोबर भागीदारी झाली. मुख्यालय आजही इथेच आहे, तंत्रकेंद्र इथेच आहे, आणि गावाच्या दक्षिणेला वॉल्सबरोच्या कारखान्यात रॅम पिकअपची इंजिनं बनतात. एकूण नोकऱ्यांच्या मानाने मेकॅनिकल इंजिनीअर सर्वाधिक दाटीने कुठे आहेत, याची यादी श्रम खातं काढतं. तिच्यात हे गाव अगदी वरच्या टोकाला असतं.

"एकाच कंपनीवर गाव अवलंबून नाही," असं तुला इथे सांगतील आणि नावं मोजून दाखवतील: टोयोटाचा फोर्कलिफ्टचा कारखाना, एनटीएनचे ड्राइव्हशाफ्ट, एन्केईची चाकं. नावं खरी आहेत. पण फोर्कलिफ्ट सोडली तर बाकीच्यांची नाडी गाड्यांच्या खपाशीच बांधलेली, म्हणजे गाडीबाजार बसला की सगळे एकदम बसतात. इस्पितळ आणि शाळा या दोनच मोठ्या नोकऱ्या त्या चक्राबाहेरच्या. मोठ्या ट्रकचं चक्र तुला माहीत आहेच. धुराचा नवा नियम लागू व्हायच्या आधी वाहतूकदार जुन्या इंजिनाचे ट्रक घाईने उचलतात, आणि नियम लागला की मागणी कोसळते. २००६ ला उड्या पडल्या आणि २००७ ला बाजार झोपला, तो याचमुळे. तुझ्या येण्याच्या वर्षात चक्र कुठे आहे ते बघूनच घराचा विचार कर. पहिलं वर्ष भाड्याने राहा.

घर घ्यायची वेळ आली की आधी पुराचा नकाशा उघड. ड्रिफ्टवुड आणि फ्लॅटरॉक या नद्या गावाला लागून मिळतात, पण खरी खोडी हॉ क्रीक नावाच्या ओढ्याची. ७ जून २००८ ला त्याचं पाणी इस्पितळात शिरलं. रुग्ण हलवावे लागले आणि इस्पितळ काही महिने बंद राहिलं. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. त्याची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, आणि ती साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते. म्हणजे ढग बघून फोन करून उपयोग नाही.

मालमत्ता कराचं गणित सोपं आहे, पण एक फॉर्म राहिला की ते बिघडतं. इंडियानाच्या राज्यघटनेनेच कमाल मर्यादा घातली आहे: स्वतः राहत्या घराला किमतीच्या १ टक्का, भाड्याने दिलेल्या घराला २, व्यावसायिक मिळकतीला ३. 'राहतं घर' ही सवलत काउंटीच्या ऑडिटरकडे नोंदवावी लागते. नोंद राहिली तर तू स्वतः राहत असूनही २ टक्क्यांच्या खणात पडतोस. खरेदीच्या दिवशी ज्या गठ्ठ्यावर सह्या घेतात त्यात ही नोंद आहे का, हे विचारूनच पेन उचल.

उत्पन्नावर राज्याचा कर सरसकट: २०२५ ला ३ टक्के, २०२६ ला २.९५. त्याशिवाय काउंटीचा वेगळा. तो १ जानेवारीला तू कुठे राहत होतास यावर ठरतो, आणि वर्षभर तोच. तू जूनमध्ये येणार, म्हणजे त्या १ जानेवारीला इंडियानात राहतही नव्हतास आणि कामालाही नव्हतास. मग त्या वर्षी काउंटीचा कर लागत नाही. पगारातून कापला गेला असेल तर विवरणपत्र भरताना परत मागायचा. हे बरेच जण विसरतात.

आता शाळा. मला या गावाचं खरं वेगळेपण इथेच वाटतं. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलं वाढली आणि गावाने घाईघाईत खोकेवजा शाळा उभ्या करायला घेतल्या. मिलरांना चांगले इंजिनीअर या मक्याच्या पट्ट्यात आणायचे होते, आणि शाळा बघून माणूस परत जातो हे त्यांना कळत होतं. म्हणून कमिन्सच्या फाउंडेशनने देकार दिला: आम्ही सुचवलेल्या नामवंत वास्तुविशारदांतला एक निवडा, त्याची फी आम्ही भरतो, बांधकामाचा खर्च तुमचा. या सौद्यातली पहिली शाळा हॅरी वीज यांची, श्मिट एलिमेंटरी, १९५७ ची. मग १९६७ ला गुनार बर्कर्ट्स यांची लिंकन, १९६९ ला जॉन योहान्सेन यांची स्मिथ. पर्यटक चर्च आणि आय. एम. पे यांचं ग्रंथालय बघून जातात, पण त्या काळातल्या शाळांत आजही मुलं बसतात. पुण्यात कर्वेनगरला १९९१ ला कमिन्सच्या नावाचं मुलींचं इंजिनीअरिंग कॉलेज उभं राहिलं, त्यामागे हाच विचार मला दिसतो: माणूस हवा तर आधी शाळा काढा.

नुसती इमारत बघून शाळा निवडू नकोस. पूर्व किनाऱ्यावरचे तुझे नातेवाईक सांगतील की महाग वस्ती म्हणजे चांगली शाळा. इथे ते अर्धंच खरं. शिक्षकांच्या पगाराचा मुख्य पैसा राज्य सरकार दर विद्यार्थ्यामागे देतं. स्थानिक मालमत्ता कर इमारती, बस आणि कर्जफेडीला जातो. मर्यादेपलीकडे कर हवा असेल तर मतदारांना विचारावं लागतं. इथल्या मतदारांनी २०२० ला तसा होकार दिला होता. सार्वजनिक शाळा बहुतांश एकाच जिल्हामंडळाच्या, त्यामुळे वस्ती बदलल्याने शाळा बदलते, मंडळ बदलत नाही. सहावीपर्यंत एलिमेंटरी, सातवी-आठवी मिडल, पुढे नॉर्थ किंवा ईस्ट हायस्कूल. वर्ष ऑगस्टच्या सुरुवातीला उघडतं आणि शरदात दोन आठवड्यांची सुट्टी असते. वहिनींनी दिवाळीची तिकिटं काढायच्या आधी तारखा ताडून बघाव्यात, क्वचितच जुळतात.

लेकीसाठी, सईसाठी एकच गोष्ट हट्टाने कर, गणिताची पातळी. आपल्याकडे बीजगणित-भूमिती दरवर्षी थोडी थोडी. इथे एकेका वर्षाला एकेक विषय: अल्जिब्रा १, मग जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. आठवीत अल्जिब्रा १ मिळालं तरच बारावीत कॅल्क्युलसला पोचता येतं. ते नवव्या वर्गात ढकललं तर पुढे एका वर्षात दोन विषय घ्यावे लागतात. गुणपत्रिका बघून शाळेला तिची पातळी कळत नाही, म्हणून तिकडच्या शिक्षकांकडून इंग्रजीत शिकवलेल्या प्रकरणांची यादी सही-शिक्क्यानिशी आण आणि इथे प्रवेशाच्या वेळी चाचणी माग. शाळा आपणहून देईलच असं नाही.

तुझा व्हिसा एल-१बी, कंपनीअंतर्गत बदलीचा, म्हणजे कमाल ५ वर्षं. सई तेरा पूर्ण करून येतेय, म्हणजे मुदत संपेल तेव्हा ती बरोबर कॉलेजच्या दारात असेल. वेस्ट लाफायेटच्या पर्ड्यू विद्यापीठात राज्यातल्या रहिवाशाची मूळ फी वर्षाला ९,९९२ डॉलर, बाहेरच्या राज्यातल्याला २८,७९४. चार वर्षांत ७५ हजारांच्या वर फरक. रहिवासी ठरायला किमान १२ महिने आधीपासूनचं वास्तव्य लागतं, आणि ती पुढे विद्यार्थी व्हिसावर गेली तर हिशेब फिरू शकतो. सरकारी शिष्यवृत्ती आपल्या व्हिसावर मिळत नाही, आणि २१ पूर्ण झाले की ती तुझ्या व्हिसातून बाहेर. म्हणून एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या मार्चमधल्या सोडतीचं आणि ग्रीन कार्डच्या अर्जाचं बोलणं मॅनेजरशी पहिल्याच वर्षी काढ, चौथ्या वर्षी नको. गावातच आयव्ही टेक आणि आययू कोलंबस ही कॉलेजं आहेत, जुन्या बकालार हवाईतळाच्या जागेवर. घरी राहून पहिली एक-दोन वर्षं तिथे काढणं हा कमीपणाचा मार्ग नाही. वहिनींना नोकरी करता येईल, मात्र उतरल्यावर त्यांच्या आय-९४ वर, म्हणजे देशात प्रवेशाच्या नोंदीवर, 'एल-२एस' (एल-१ वाल्याचा जोडीदार) लिहिलंय ना ते बघ. नुसतं 'एल-२' असेल तर नोकरी देणारा अडवेल.

गाडीशिवाय इथे पान हलत नाही. रहिवासी झाल्यापासून ६० दिवसांत इंडियानाचं लायसन काढायचं. लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतील, तिकडे वीस वर्षं चालवली असलीस तरी.

बाकी सगळं आल्यावर करता येईल, लसींचं मात्र आत्ताच हाती घे. दोन्ही मुलांना हिपॅटायटिस ए चे दोन, कांजिण्यांचे दोन आणि एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस लागतात. आपल्याकडे पहिल्या दोन्ही लसी अनेकदा 'ऐच्छिक' म्हणून राहतात. एमएमआरमध्ये खोच अशी की नवव्या महिन्यात दिलेला डोस इथे मोजत नाहीत, पहिल्या वाढदिवसानंतरचेच धरतात. अथर्व २०१६ नंतरचा, त्यामुळे त्याचे पोलिओचे थेंब मोजले जाणार नाहीत, इंजेक्शनं लागतील. सईला वयानुसार टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंजायटिसची लसही हवी. प्रत्येक डोसची तारीख दिवस-महिना-वर्ष अशी, महिना अक्षरात लिहून घे. ०५/०६ लिहिलंस तर इथे मे महिना वाचतात आणि दोन डोसांमधलं अंतर चुकलं म्हणून कागद परत येतो. कागद अपुरे असले तर शाळा फार तर २० दिवसांची सवलत देते. हिपॅटायटिस ए च्या दोन डोसांत सहा महिन्यांचं अंतर लागतं, आणि जूनला सातच महिने उरलेत. पहिला डोस या आठवड्यात द्या.

तुझा,
अविनाश