कोंडातला गाळ आणि घरामागची दरड

भांडुप, मुंबई
18 एप्रिल

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

परवा रात्री फोनवर तू सहज बोलून गेलास, "पावसाआधी मागची दरड कापून घेतो. जेसीबीवाला ओळखीचा आहे, मुरूमही खपेल." मी हो हो म्हटलं, फोन ठेवला आणि मग झोप लागली नाही. मनातलं मला फोनवर नीट सांगता येत नाही, हे तुला शाळेपासून ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबेल, पण शेवटपर्यंत वाच आणि तोवर मशीन लावू नकोस.

2021 च्या पुरानंतर आपण दोघांनी चिपळूणला ताईच्या घरातला गाळ चार दिवस उपसला होता. निघताना त्यातला थोडा मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून आणला, तेव्हा तू मला वेड्यात काढलं होतंस. तो डबा अजून माझ्याकडे आहे. तीस वर्षं माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे माती टाकवत नाही. परवा तुझा फोन झाल्यावर त्यातला मूठभर गाळ काचेच्या बरणीत टाकला, पाणी भरलं आणि झाकण लावून जोरात हलवला. हात थांबवला तशी दहा मोजेपर्यंत रेती तळाला बसली. बारीक पोयटा अंथरुणावर जाईपर्यंत थर धरत होता. सकाळी पाहिलं तर वरचं पाणी अजून कोऱ्या चहासारखं तांबूस. मग ती रेती कागदावर वाळवून खालून लोहचुंबक फिरवला. बारीक काळे कण उभे राहून चुंबकामागे सरकू लागले. ते कण आपल्या काळ्या कातळातले आणि तो तांबूस रंग वरच्या सड्यावरच्या, म्हणजे पठारावरच्या जांभ्याचा. ताईच्या माजघरात आख्खा सह्याद्री येऊन बसला होता, दत्ता. आपण त्याला नुसता चिखल म्हणत होतो.

आपला कातळ साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. वरून तो अभेद्य दिसतो, पण कोकणातल्या उष्णतेने आणि पावसाने आतून कुजत जातो. आधी त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते, आणि सड्यावर जांभा तयार होतो. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचं पाणी त्यातून सरळ खाली उतरतं. खाली मऊ, चिकट मातीचा थर लागला की तिथे अडतं आणि आडवं वाट काढतं. काकी पावसाळ्यात ज्या झऱ्यावर भांडी घासायच्या, तो झरा म्हणजे हेच पाणी. म्हणजे तुझ्या घरामागे तो थर कुठे आहे, हे काकींना माझ्या बोअरच्या नमुन्यांशिवायच माहीत होतं!

माती बनवतो तोच पाऊस ती खालीही आणतो. हे कायमच चालू होतं, आणि वाईट नव्हतं. आपली भाताची खाचरं, नदीकाठचे मळे, खाडीतली जुवी म्हणजे बेटं, सगळी अशाच वाहून आलेल्या मातीची. प्रश्न वेगाचा आहे. रिपरिप पाऊस आठवडाभर पडला तर झाडांची मुळं आणि गवत माती धरून ठेवतात, पाणी हळूहळू झिरपतं. तोच पाऊस एका रात्रीत कोसळला की मातीच्या कणांमधल्या फटी पाण्याने भरतात, आतून दाब वाढतो, कण एकमेकांना धरून राहत नाहीत आणि उतार सुटतो. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला 24 तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवसांत तळिये गाव दरडीखाली गेलं, चिपळूण बुडालं. हवा एक अंश तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. 2025 साली तर 26 मेलाच मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. तेव्हा "आपल्याकडे असा पाऊस पन्नास वर्षांत एकदा" हा तुझ्या वडिलांच्या वेळचा हिशेब आता धरू नकोस.

सगळा दोष माणसाच्या माथी मारावा, असं मी म्हणत नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथे गाडीरस्ताही नव्हता, मदतीला गेलेले लोक अंधारात, पावसात चालत वर चढले. मशीन नसलेला डोंगरही कोसळतो. उभा उतार, कुजलेला खडक आणि मुसळधार पाऊस एवढं पुरेसं असतं. पण म्हणूनच जिथे आधीच एवढं जमून आलंय, तिथे आपण चौथी गोष्ट घालायची नसते. माळीण गाव 30 जुलै 2014 ला दरडीखाली गाडलं गेलं, दीडशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर वरच्या उतारावर मशीनने केलेल्या सपाटीकरणाची किती चर्चा झाली, तुला आठवत असेल. त्या भागात उतारावर भातखाचरं काढायची 'पडकई'ची जुनी रीत आहे. हातांनी, शेजारपाजारच्यांना बोलावून, दरवर्षी थोडी थोडी. माझ्या मते त्या धीम्या गतीतच शहाणपण होतं. हाताने कापलेल्या उताराला सावरायला एक पावसाळा मिळतो, जेसीबी दोन दिवसांत त्याचा पायाच काढून घेतो.

पाया हा शब्द नीट धर. उताराचा खालचा भाग वरच्याला आधार देत असतो. तू जो पंधरा फूट कापणार आहेस, तो नेमका तोच भाग. इथे भांडुप-विक्रोळीच्या टेकड्यांवर मी हे दरवर्षी पाहतो. लोक नाइलाजाने पायथा कापून घर बांधतात, मागे सिमेंटची भिंत घालतात, भिंतीला पाणी निघायला भोकं नसतात. जुलैत मागचं पाणी भिंतीवर रेलतं आणि एका रात्री भिंतच घरात येते. अशा एका जागेची माती मीच तपासली होती. अहवालात धोका लिहिला, तो फायलीत राहिला. त्यानंतर तिथे जे पाहिलं, ते कागदावर उतरवणं मला आजही जमत नाही.

आता आपल्या वडाखालच्या कोंडाबद्दल, त्या खोल डोहाबद्दल. मागच्या दिवाळीत तू मला तिथे नेलंस. जिथे आपण बुडी मारून तळ शोधायचो आणि सापडायचा नाही, तिथे गुडघाभर पाण्यात गोटे आणि रेव. तू म्हणालास, 2021 च्या पुराने भरला. मला वाटतं, त्या पुराने शेवटची टोपली टाकली. डोंगरातून सुटलेली माती एका दमात समुद्राला मिळत नाही. पायथ्याला थांबते, पऱ्यात, म्हणजे ओढ्यात थांबते, वळणावर बेट करून बसते, पुढच्या मोठ्या पुरात थोडी पुढे सरकते. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरात 1850 च्या दशकापासून सोन्यासाठी पाण्याचे जोरदार फवारे मारून उतारच्या उतार धुऊन काढत. नद्यांची पात्रं इतकी वर आली की खालच्या शेतकऱ्यांची शेतं गाळाखाली गेली आणि 1884 मध्ये न्यायालयाने असा गाळ नदीत सोडायला मनाई केली. पण गाळाने निकाल वाचला नव्हता. गिल्बर्ट नावाच्या भूवैज्ञानिकाने 1917 च्या अहवालात त्याचा माग काढला, तेव्हाही तो लाटेसारखा खाली सरकतच होता, थेट सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापर्यंत. खाण बंद होऊन तीस वर्षं उलटून गेली होती.

म्हणून वाशिष्ठी नदीतला गाळ काढा म्हणून चिपळूणकर उपोषणाला बसले ते योग्यच होतं. गोवळकोटच्या धक्क्याला एकेकाळी गलबतं लागायची, तिथे आज पात्राची काय दशा आहे! गाळ काढायलाच हवा. पण वर रस्त्याचं घाटकाम, उजाड सडे, वणव्याने जळालेलं गवत आणि प्लॉटसाठी कापलेले उतार तसेच राहिले, तर खाली काढलेल्या प्रत्येक डंपरमागे वरून दुसरा निघालेला असणार. मुंबईत दर मे महिन्यात नालेसफाई होते, तशी ही नदीसफाई होऊन बसेल.

जगभर हेच दुहेरी चित्र आहे. शास्त्रज्ञ सिव्हित्स्की आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे माणसामुळे नद्यांत वर्षाला 230 कोटी टन जास्त गाळ येतो, आणि तरी किनाऱ्याला पोचणारा गाळ 140 कोटी टनांनी घटलाय, कारण उरलेला धरणांत अडकतो. डोंगर झिजतो आणि किनारा उपाशी राहतो.

हे सगळं तुझ्या पंधरा फुटांसाठी का सांगतोय? तुझा मुरूम तीस ब्रास निघेल, चाळीस निघेल. दोन पावसांत त्याचे पैसे संपतील. उघडी पडलेली माती मात्र पऱ्यातून आपल्या कोंडात आणि तिथून ताईच्या उंबऱ्यापर्यंत जाईल. तेही, दरड तुझ्या घरावर आली नाही तर. काकी मागच्याच खोलीत झोपतात, दत्ता.

गाडी लावायला जागा हवी आहे, हे कळतं मला. पुढच्या अंगणातला गडगा सहा फूट सरकवला तर होईल, मी मोजलंय. मागे जांभ्याच्या चिऱ्यांचा कोरडा गडगा घालू, म्हणजे पाणी फटींतून निघून जाईल. वर पाणी वळवायला एक चर काढू आणि उतारावर वाळा लावू, त्याची मुळं खोल जातात. तोवर एक काम कर. उद्या सकाळी वर चढून काजूच्या रांगेपर्यंत जा. जमिनीला चंद्रकोरीसारखी भेग दिसते का, काजूची खोडं खाली झुकलीत का, ते बघ. काकींना विचार, गेल्या पावसात झऱ्याचं पाणी कधी गढूळ यायचं का. मागच्या खोलीचा दरवाजा अलीकडे घासतो का, तेही बघ.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतोय, शनिवारी पहाटे चिपळूणला उतरेन. माती घ्यायला नळी आणि टेप सोबत आणतो. जेसीबीवाल्याला सोमवारपर्यंत थांबायला सांग. इसार दिला असशील तर तो बुडू दे, मी भरून देतो.

काकींना आणि वहिनींना नमस्कार.

तुझा,
विजय