डावीकडे बसणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

तुमचे आभार मानायचा प्रयत्न मी तीनदा केला, आणि तिन्ही वेळा तुम्ही पियानोचं झाकण उघडून "चल, सुरुवातीपासून" म्हणालात. आता तुम्ही लेकीकडे राहायला गेला आहात, आपल्या मध्ये पियानो नाही, तेव्हा हे पत्र तुम्हाला शेवटपर्यंत वाचावंच लागेल. ते चारचौघांसमोर लिहिते आहे. शूबर्ट, शोपँ, ब्राम्स या पाश्चात्य संगीतकारांचं वेड एकट्यानंच सांभाळणारी माणसं असतात. मी त्यांतलीच होते. तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळावं, असं वाटतं.

आपली ओळख एका चुकीच्या स्वरापासून झाली. सरावाच्या खोलीत मी शूबर्टचं तिसरं इम्प्रॉम्प्टू (पियानोची छोटी रचना) वाजवत होते आणि दार अर्धवट उघडं राहिलं होतं. वाजवून झाल्यावर मागून आवाज आला, "छान वाजवतेस गं. पण हे जी मेजरच्या स्वरपट्टीत कुठून शिकलीस?" मला प्रश्नच समजला नाही. माझ्या जुन्या, पानं सुटलेल्या पुस्तकात तसंच छापलेलं होतं. तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि त्या पुस्तकाची कुळकथा सांगितलीत. ही चार इम्प्रॉम्प्टू १८२७ सालची. पहिली दोन लगेच छापली गेली, उरलेली दोन प्रकाशकाकडे पडून राहिली आणि बाहेर आली थेट १८५७ साली, शूबर्टला जाऊन २९ वर्षं झाल्यावर. तिसरं त्यानं लिहिलं होतं जी फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे अर्धा स्वर खाली. सहा फ्लॅट, म्हणजे स्वर अर्ध्यानं उतरवायच्या खुणा, पाहून हौशी वाजवणारे बिचकतील, म्हणून छापताना ते अर्ध्या स्वरानं वर नेलं आणि त्याचे लांबलचक बारही (तालाचे खंड) मधोमध कापले. "तू वाजवतेस ते शूबर्टचंच आहे," तुम्ही म्हणालात, "फक्त त्याला दुसऱ्याचे कपडे घातलेत."

दुसऱ्या दिवशी तुम्ही जी फ्लॅटमधली प्रत आणून माझ्यासमोर ठेवलीत. ती वाजवताना हाताला काय झालं ते मला अजून आठवतं. तो संथ स्वर, ज्याच्यावर सगळी धून रेंगाळत राहते, तो बी फ्लॅट काळ्या पट्टीवर येतो. करंगळी तिथं टेकते आणि त्याच हाताची बाकीची बोटं खाली पाण्यासारखी वाहत राहतात. इतकी वर्षं ज्या ठिकाणी मनगट अवघडत होतं, तिथं ते आपोआप सैल पडलं. मी दोन पानं वाजवून थांबले, कारण डोळे भरून आले होते. तुम्ही काही विचारलं नाहीत. खिडकीकडे बघत बसलात.

त्याआधीची अकरा वर्षं मी कुणासमोर वाजवलं नव्हतं. ज्या शिक्षकांकडे शिकत होते त्यांना शूबर्ट वेळखाऊ वाटायचा. तेच तेच पुन्हा सांगतो, त्यानं बोटं तयार होत नाहीत, परीक्षेला काही तरी झगमगतं घे, असं त्यांचं म्हणणं. मी घेतलं, वाजवलं, आणि नंतर पियानोचं झाकणच लावून टाकलं. पुन्हा बसायला लागले तीही दार लावून, एकटी. त्यामुळे तुम्ही जे विचारलंत ते मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. कुठली परीक्षा झाली, दिवसाला किती तास बसतेस, यातलं काही नाही. तुम्ही विचारलंत, "यातली तुझी जागा कुठली?"

जागा! हा शब्द मी गाण्याच्या बैठकीत ऐकला होता, पियानोसमोर कधीच नाही. मी चाचरत दाखवली: मधल्या ई फ्लॅट मायनरच्या भागात डावा हात खाली घुसळत राहतो, आणि मग ते सगळं निवून पहिली धून परत येते, तो उंबरठा. तुम्ही ती मला चार वेळा वाजवायला लावलीत. दुरुस्त करायला नव्हे, ऐकायला. नंतर मी उठले आणि तुम्ही बसलात. "आता माझी ऐक."

तुमची जागा होती शूबर्टच्या शेवटच्या, बी फ्लॅट मेजर सोनाटातली, म्हणजे अनेक भागांच्या मोठ्या रचनेतली. धून शांतपणे चालू होते, प्रार्थनेसारखी, आणि आठव्या बारमध्ये अगदी खाली, खर्जात, जी फ्लॅटवर एक ट्रिल, दोन शेजारच्या स्वरांची थरथर. इतकी हळू की पट्ट्या पुरत्या दाबल्या जातात की नाही अशी शंका यावी. मग शांतता, आणि धून जणू काही घडलंच नाही अशी पुढे निघते. तुम्ही ती ट्रिल वाजवलीत आणि हात मांडीवर ठेवून म्हणालात, "सप्टेंबर १८२८. एकोणीस नोव्हेंबरला तो गेला. एकतीस वर्षांचा होता." एवढंच. त्या ट्रिलचा अर्थ काय, तो मृत्यू की मेघगर्जना, यावर लोक पानंच्या पानं लिहितात. तुम्ही एक शब्दही काढला नाहीत, आणि म्हणून ती मला स्वतःला ऐकू आली.

त्यानंतरचे शनिवार मी मोजलेले नाहीत. तुमच्या उजव्या हाताची दोन बोटं आखडू लागली होती. सोनाटा पूर्ण वाजवणं आता जमत नाही, हे तुम्ही एकदाच, अगदी साध्या आवाजात सांगितलंत, आणि लगेच शूबर्टच्याच चार हातांच्या फँटसीची वही काढलीत. एफ मायनर, तीही १८२८ चीच. "तू उजवीकडे बस. प्रिमो तुझा, सेकोंडो माझा."

चार हातांनी वाजवणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं लिहिते. एकाच पियानोवर दोघं, खांद्याला खांदा लावून. वरचे सप्तक, म्हणजे प्रिमो, उजवीकडच्याकडे; खालचे, म्हणजे सेकोंडो, डावीकडच्याकडे. माझा डावा हात आणि तुमचा उजवा हात एकमेकांच्या अंगणात सतत ये-जा करतात, त्यामुळे कोणाचं कोपर कधी मागे घ्यायचं तेही ठरवावं लागतं. आणि पेडल डावीकडच्याच्या पायाखाली. म्हणजे धून मी वाजवायची, पण माझा स्वर किती वेळ तरंगत ठेवायचा ते तुमच्या पायानं ठरायचं. सुरुवातीला मला हे फार जड गेलं. एकटीनं वाजवणाऱ्याला आपला श्वास दुसऱ्याच्या हवाली करायची सवय नसते. तुम्ही म्हणालात, "माझ्या पायाकडे बघू नकोस. तू गा, मी ऐकतोय." खरंच ऐकत होतात. मी एखादा स्वर जरा जास्त धरला की पेडल तितकंच थांबायचं.

सेकोंडोची ती मंद कुजबुज आधी सुरू होते, मग वरून सी या स्वरावरून एफवर झेप घेणारी धून येते. पहिल्या दहा वेळा मी ती घाईनं आत आणली. अकराव्या वेळी तुम्ही साथीचे ते बार नुसते पुन्हा पुन्हा वाजवत राहिलात आणि सांगितलंत की वाटेल तेव्हा ये. मी किती वेळ ऐकत बसले होते कोण जाणे. जेव्हा आले तेव्हा ती धून प्रथमच मला माझी वाटली.

मग ती दुसरी गंमत: लार्गोला, म्हणजे संथ भागाला, शूबर्ट एफ मायनरमधून उचलून एफ शार्प मायनरमध्ये ठेवतो. जेमतेम अर्धा स्वर वर, आणि जग पालटतं! तुम्ही दर वेळी त्या वळणावर "आलं बघ" असं पुटपुटायचात. आता मी एकटी वाजवते तेव्हाही ते पुटपुटणं मला ऐकू येतं.

तुमच्याकडून कळलेली एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. शूबर्टच्या हयातीत केवळ त्याच्याच रचनांची जाहीर मैफल एकदाच झाली, व्हिएन्नात, २६ मार्च १८२८ला, बेथोवनच्या पहिल्या स्मृतिदिनी. बाकीचं बरंचसं ऐकलं ते मित्रांनी, कुणाच्या तरी घरी, दाटीवाटीनं बसून. या फँटसीचंही तसंच. त्या वर्षी ९ मे रोजी शूबर्ट आणि त्याचा संगीतकार मित्र फ्रान्झ लाखनर यांनी ती आपल्या मित्राला, बाउअर्नफेल्डला, वाजवून दाखवली. (तुमचं ठाम मत, शूबर्ट डावीकडेच बसला असणार. मला ते पटतं.) आणि त्याच्या चित्रकार मित्रानं, मोरित्झ फोन श्विंटनं, अशा एका संध्याकाळचं चित्र काढलं ते १८६८ साली, चाळीस वर्षांनी, आठवणीतून: शूबर्ट पियानोवर, शेजारी गायक फोगल गातो आहे, सगळे दाटून बसलेत, आणि भिंतीवर शूबर्टची शिष्या कारोलिन एस्टरहाझी हिची तसबीर. फँटसी तिलाच अर्पण केलेली आहे. मला त्या चित्रात शूबर्टपेक्षा ऐकणाऱ्यांचे चेहरे बघायला आवडतात. चाळीस वर्षं ते श्विंटच्या मनात बसून होते.

आपल्या शनिवारांनाही हळूहळू माणसं येऊ लागली, ती तुमच्यामुळे. आधी एक, मग तीन, मग सहा. नियम तुम्हीच घातलात: एकानं आपली जागा वाजवायची किंवा ध्वनिमुद्रणातून ऐकवायची, आणि संपल्यावर लगेच कुणी बोलायचं नाही. त्या नियमानं मला बोलायला शिकवलं. कारण तो थोडा वेळ गेल्यावर जे बोललं जायचं ते कमी असायचं आणि खरं असायचं. पियानोवादक श्नाबेलचं जुनं, खरखरीत मुद्रण ऐकून एक ताई नुसत्या म्हणाल्या, "घाई नाही त्याला, आणि रेंगाळणंही नाही." त्यावर कुणाला काही जोडावंसं वाटलं नाही.

भांडणंही झाली, आणि त्यांच्यासाठीही आभार. बी फ्लॅट सोनाटाच्या पहिल्या भागातल्या सुरुवातीच्या मांडणीची पुनरावृत्ती करायची की नाही, यावर आपण दोन शनिवार घालवले. मी पियानोवादक ब्रेन्डेलच्या बाजूची: पुन्हा नको, प्रवास पुढे जाऊ दे. तुम्ही रिश्टरच्या बाजूचे. तो पुनरावृत्तीसकट, इतक्या संथपणे वाजवतो की पहिला भागच पंचवीस मिनिटांच्या घरात जातो. तुमचा मुद्दा साधा होता. पहिल्या फेरीच्या शेवटी, सुरुवातीकडे परतताना, शूबर्टनं नऊ बार असे लिहिलेत जे दुसरीकडे कुठेच येत नाहीत, आणि एरवी कुजबुजणारी ती ट्रिल तिथं गरजते. "पुनरावृत्ती गाळलीस तर ते नऊ बार कुणीच ऐकणार नाही. त्यानं ते कुणासाठी लिहिले?" मी तेव्हा हट्टानं मानलं नाही. तुम्ही रागावला नाहीत, माझ्यासाठी ब्रेन्डेलचं मुद्रणही घेऊन आलात.

फँटसीतला तो मोकळा बार आठवतो? फ्युग, म्हणजे एकच धून एकामागून एक शिरत एकमेकींत गुंफली जाते तो भाग, चढत चढत जातो, दोघांचेही हात पूर्ण ताकदीनं पडतात, आणि आता सुटका होणार असं वाटतं तेवढ्यात तो सीच्या कॉर्डवर, एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर, तुटतो. मग पूर्ण शांतता. एक अख्खा बार काहीच नाही. मग तीच पहिली धून, तीच कुजबुज. त्या बारमध्ये मला नेहमी वाटायचं की आता काहीतरी करायलाच हवं. तुमच्या वहीत तिथं पेन्सिलनं तुम्ही एवढंच लिहिलं आहे: "दोघांनी." पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, काही वाजवायचं राहिलं का? मग कळलं. वही तुम्ही जाताना माझ्याकडे ठेवलीत, ती परत मागू नका.

काका, माझ्याकडे पियानो होता, स्वर होते, वेळही होता. ऐकणारं माणूस नव्हतं. तुम्ही ते झालात, आणि मलाही थोडंफार व्हायला लावलंत. मनापासून, अगदी मनापासून आभार.

एक कबुली द्यायची राहिली. गेल्या शनिवारी मी सोनाटाचा पहिला भाग वाजवला, पुनरावृत्तीसकट. ते नऊ बार सगळ्यांनी ऐकले. पण ती गरजणारी ट्रिल माझ्या हातून अजून नुसतीच मोठी वाजते, भीती वाटावी अशी नाही. डाव्या हाताचं वजन खांद्यातून येऊ द्यायचं की नुसतं बोटांतून? तुम्ही कसं करायचात ते सविस्तर लिहा.

तुमची,
उजवीकडे बसणारी