चित्रकाराने दाम मागितले तर बिघडलं कुठे?

महोदय,

मी पाट्या आणि भित्तिचित्रं रंगवतो. ‘थोडंसंच तर काम आहे, असंच करून द्या’ हे रोज ऐकतो, म्हणून चीनच्या अठराव्या शतकातल्या झंग बानछ्याओ या चित्रकाराबद्दल लिहितोय. शानतुंग प्रांतात अधिकारी असताना दुष्काळात त्याने सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली. पुढे पद सोडून यांगचौ शहरात बांबूची चित्रं विकून जगला. एकाच शाईतली काही पानं काळीभोर, काही फिकट. शेजारी निरनिराळ्या लिपीशैलींची सरमिसळ केलेलं लेखन, अक्षरं लहानमोठी, तिरकी, तरी तोल कुठे सुटत नाही! १७५९ मध्ये त्याने दरपत्रकच लिहून काढलं : मोठं चित्र ६ ल्यांग (वजनाचं जुनं चिनी माप) चांदी, मधलं ४, लहान २. भेटवस्तू, खाऊ नकोत. रोख मिळालं की मन खूश होतं आणि चित्रही उत्तम उतरतं, असं त्याने स्पष्ट लिहिलंय. उधारीलाही नकार. आपल्याकडच्या कलाकारांनी असेच दर लावावेत आणि गिऱ्हाइकांनी घासाघीस न करता ते द्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक पेंटर, मिरज