गळणारे फूल नर की मादी, आधी पाहा

संपादक महोदय,

पावसाळ्यात बागकामाच्या सदरांत एक प्रश्न हमखास असतो : दुधीला, भोपळ्याला ढीगभर फुले लागतात आणि गळून जातात, काय फवारू? मग कुणी ‘टॉनिक’ सुचवतो, कुणी मूठभर युरिया. गळलेले फूल नर होते की मादी, हे विचारायचे राहूनच जाते. जीवशास्त्र शिकणारी मुलेही इथे अडखळतात, कारण फुलाचे भाग त्यांनी जास्वंदीवरून पाठ केलेले असतात. जास्वंद उभयलिंगी, म्हणजे एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग; दुधी-भोपळ्याची फुले एकलिंगी, म्हणजे नर फूल वेगळे, मादी वेगळे.

फूल बाजूने पाहिले की उलगडा होतो. नर फूल लांब, बारीक देठावर असते आणि पाकळ्यांखाली फुगवटा नसतो. मादी फुलाचा देठ आखूड, आणि पाकळ्यांखाली इवलासा दुधी आधीच तयार. तोच अंडाशय. वेलीवर नर फुले काही दिवस आधी येतात, संख्येनेही कितीतरी जास्त असतात. एका दिवसात त्यांचे काम संपते आणि ती गळतात. यात रोग कसला? युरियाने उलट पाला माजतो आणि मादी फुले आणखी मागे पडतात.

दुधीच्या मुख्य वेलीवर बहुतेक नर फुले येतात, मादी फुले बगलफुटींवर. म्हणून वेल मांडवाला लागली की शेंडा खुडतात. सध्या ‘थ्रीजी कटिंग’ म्हणून गाजते ते याचेच पुढचे पाऊल : बगलफुटींचेही शेंडे खुडून तिसऱ्या पिढीच्या फांद्या आणणे. शेंड्यातून खाली येणारे ऑक्झिन हे वाढीचे संप्रेरक थांबले की पानांच्या बगलेतल्या दबलेल्या कळ्या फुटतात. शेंड्याचे वर्चस्व शिकवायला याहून स्वस्त प्रयोग नाही.

काळजी करायची ती मादी फुलामागचे फळ पिवळे पडून गळते तेव्हा. बहुधा पराग पोचलेले नसतात. लाल भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि ऊन चढेपर्यंत मिटते. दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात. गच्चीवर त्या वेळी मधमाशी किंवा पतंग फिरकला नाही, की संपले. पावसात भिजलेले परागही निकामी होतात, कारण पाणी शोषून परागकण फुटतात.

हाताने परागण करायचे तर भोपळ्याच्या उद्या उमलणाऱ्या कळ्या आदल्या संध्याकाळी हेराव्यात. त्यांचे टोक पिवळसर झालेले असते. दोन मादी आणि दोन नर कळ्यांची तोंडे दोऱ्याने हलकेच बांधावीत, म्हणजे कीटक आत शिरणार नाहीत. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान नर फूल तोडून पाकळ्या काढाव्यात आणि परागकोश (पराग असलेला मधला भाग) एका मादी फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे पराग झेलणाऱ्या मधल्या भागावर, तिच्या तिन्ही खंडांवर, फिरवावा. फूल पुन्हा बांधून तारखेची चिठ्ठी लावावी. दुसरे मादी फूल पराग न देता बांधलेलेच ठेवावे. काही दिवसांत ते पिवळे पडते, पहिल्याचे फळ फुगू लागते. दुसरे फूल नसेल तर प्रयोग अर्धा, कारण पहिले फळ परागामुळेच धरले हे कशावरून? जर्मन वैद्य कॅमेरारियस यांनी एरंडाची नर फुले काढून टाकली आणि बी धरत नाही हे दाखवले. 1694 मध्ये त्यांनी ते जाहीर केले, तेही पत्रातूनच!

परागात कंजुषी करू नये. एका बीजांडाला (ज्याची पुढे बी होते) एक परागकण लागतो, म्हणजे फळात शंभर बिया हव्यात तर निदान शंभर परागनलिका, म्हणजे परागकणातून फुटणाऱ्या बारीक नळ्या, आतपर्यंत पोचायला हव्यात. ज्या बाजूची बीजांडे फळत नाहीत ती बाजू वाढत नाही आणि फळ वाकडे होते. परागनलिका पाहायची असेल तर तेरड्याचे ताजे पराग घ्यावेत. 100 मिलि पाण्यात 10 ग्रॅम साखर आणि 10 मिलिग्रॅम बोरिक आम्ल विरघळवून त्याच्या थेंबात ते टाकले, तर काही मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली नलिका दिसू लागते. नुसत्या पाण्यात टाकले तर पराग फुटलेलेच दिसतील.

कोवळे फळ सडले तर मात्र परागणाला दोष देण्याआधी साल तपासावी. बारीक छिद्र आणि त्यावर डिंकाचा थेंब दिसला तर ती फळमाशी. फळ कापल्यावर आत अळ्या सापडतात. अशी फळे वेलीखाली टाकू नयेत. कीटकनाशक उमललेल्या फुलांवर मारू नये, मधमाश्या मरतात आणि मूळ तक्रार वाढते.

करटोलीची गोष्ट वेगळी आहे. तिथे नर वेल निराळा, मादी वेल निराळा, आणि फुले येईपर्यंत कोणता कोणता ते ओळखू येत नाही. कुंडीत एकच मादी वेल असेल तर तिच्या फुलांवर ब्रश फिरवून उपयोग नाही, ब्रशला पराग लागणार कुठून? दोन-चार कंद जास्तीचे लावावेत, फुले आल्यावर देठावर खुणेचा दोरा बांधावा आणि साधारण आठ-दहा मादी वेलांमागे एक नर वेल राखावा.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक शिक्षक