तुझ्या हातमोज्यांत 70 मिनिटे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

सामना संपल्यावर "2-1 ने जिंकलो" एवढेच सांगून मी फोन ठेवला. मनगटाला प्लास्टर घालून घरी बसलेल्या गोलरक्षकाला एवढ्यावर समाधान मानायला लावणे हा अन्याय आहे, हे मला तेव्हाही कळत होते. पण शेजारी सगळा संघ आरडाओरडा करत होता आणि मला जे सांगायचे होते त्यात एक कबुलीही होती, जी त्या मंडळींच्या देखत देणे मला जमले नसते. म्हणून हे पत्र सविस्तर लिहितो आहे. ते एकट्याने वाच.

सकाळी मैदानावर पोहोचलो तेव्हा आपण अवघे आठजण होतो. तू येणार नाहीस हे ठाऊकच होते, परंतु दोघे आघाडीवीर कामासाठी परगावी गेले आहेत आणि मधल्या फळीतला आपला डावखुरा तापाने अंथरुणावर आहे, ही बातमी आदल्या रात्री उशिरा कळली. एकाहून जास्त राखीव खेळाडू ही चैन आपल्याला कधी लाभलीच नाही. नियमाप्रमाणे किमान सात खेळाडू असले की सामना सुरू करता येतो, त्यामुळे कप्तान "आठांनिशी उतरू" असे म्हणत होता, आणि तो ते अगदी गंभीरपणे म्हणत होता, यावरून त्याच्या मनःस्थितीची कल्पना कर. सुदैवाने या स्पर्धेत पहिल्या शिट्टीपूर्वी नवी नावे नोंदवण्याची मुभा आहे. अर्ध्या तासाच्या फोनाफोनीत दोघे मिळाले: एक कप्तानाचा धाकटा भाऊ, जो 400 मीटर धावतो आणि ज्याने फुटबॉलला आयुष्यात क्वचितच पाय लावला असेल, आणि दुसरा त्याचा व्हॉलीबॉल खेळणारा उंचापुरा मित्र. तिसरे म्हणजे आपले सर. ते बिचारे केवळ सामना पाहायला आले होते. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी त्यांनी कोणाचे तरी जुने बूट पायांत घातले आणि "मी पळणार नाही, मी फक्त उभा राहीन," अशी अट घालून मधल्या फळीत उभे राहिले.

गोलमध्ये कोण, हा खरा प्रश्न होता. कप्तानाने साहजिकच व्हॉलीबॉलवाल्याकडे बोट दाखवले, कारण उंची आहे, झेप आहे आणि हातांनी खेळण्याची सवय आहे. सरावाचे पाच-सहा चेंडू मारून पाहिले आणि त्या कल्पनेतला घोळ लक्षात आला. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू धरून ठेवणे हाच दोष असल्यामुळे त्याचे हात चेंडू पकडतच नाहीत. ते तो टोलवतात, आणि प्रत्येक वेळी नेमके समोरच्याच्या पायांवर टोलवतात. तेव्हा त्याला माझ्या जागी, बचावाच्या मध्यभागी, स्टॉपर केले आणि मला गोलमध्ये पाठवले. माझी लायकी एवढीच की इतकी वर्षे मी तुझ्यापुढे उभा राहून तुला सूचना देत आलो आहे.

सामानाच्या पिशवीत तुझे हातमोजे होते आणि तुझी पिवळी जर्सीही होती. गोलरक्षकाच्या अंगावर वेगळ्या रंगाचा पोशाख लागतोच, म्हणून ती घातली. ती मला खांद्यांत घट्ट झाली. त्या क्षणी मला आठवला तो कोमोरोसचा लेफ्ट बॅक शाकेर अलहाधूर. तुला आठवत असेल, जानेवारी 2022 मध्ये आफ्रिका चषकात कॅमेरूनविरुद्ध त्यांचा एक गोलरक्षक जखमी होता, बाकीचे दोघे करोनामुळे बाहेर होते, आणि या गृहस्थाने गोलरक्षकाच्या जर्सीवर चिकटपट्टीने आपला 3 क्रमांक चिकटवून सामना खेळला. सातव्याच मिनिटाला त्यांच्या एकाला लाल कार्ड मिळाले, तरी ते 2-1 असे अवघ्या एका गोलाने हरले. ती लढत आपण दोघांनी टाळ्या वाजवत पाहिली होती. टाळ्या वाजवणे फार सोपे असते रे.

गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो, हे आपण शाळेत पाठ केले होते. पण तुझ्या जागी उभे राहून मागे वळून पाहिले तेव्हा वाटले की कोणी तरी रात्रीतून खांब लांब सरकवून ठेवले आहेत. पुढे उभे असताना मला तो नेहमी अरुंद वाटत आला. तिथून तुझ्या मागचा सगळा गोल तुझ्या अंगाने झाकलेला दिसायचा. आतून पाहिल्यावर कळले की माणूस एका खांबाला हात लावायला गेला की दुसरा खांब त्याचा राहतच नाही.

पूर्वार्धाविषयी फार लिहीत नाही. आमचे सगळेच आपापल्या घरातून हाकलल्यासारखे फिरत होते. उजवा बॅक आघाडीला गेला होता आणि सवयीने दर दोन मिनिटांनी मागे पळत येत होता. धावपटू मुलगा चारदा ऑफसाइड, म्हणजे चेंडू सुटताना त्यांच्या बचाव फळीच्या पलीकडे, सापडला, आणि प्रत्येक वेळी "पण मी तर पुढे होतो!" अशी तक्रार घेऊन पंचांकडे जात होता. व्हॉलीबॉलवाल्याने पहिला थ्रो-इन उडी मारून फेकला. दोन्ही पावले जमिनीला टेकलेली हवीत हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते, त्यामुळे चेंडू त्यांना मिळाला. त्याने पायाने मागे दिलेला एक चेंडू मी हातात घेणारच होतो, पण ऐनवेळी 1992 चा तो बॅकपासचा नियम आठवला आणि कसाबसा पायाने बाहेर तडकावला. त्यानंतर मी त्याला ओरडून सांगितले की मला द्यायचा असेल तर डोक्यानेच दे. ही एक युक्ती मात्र दिवसभर कामाला आली, कारण डोके तो उत्तम चालवतो. (खेळापुरते म्हणतो आहे.)

अठ्ठाविसाव्या मिनिटाला डावीकडून उंच चेंडू आला, त्याने सुंदर उडी घेतली आणि डोक्याऐवजी उजवा हात वर गेला. त्याने चेंडू अक्षरशः स्मॅश केला. मैदानावरचे सगळे क्षणभर थांबले, आणि सर्वांत जास्त चकित तोच झाला होता. पेनल्टी. अकरा मीटरवर चेंडू ठेवला गेला, मी एक पाय रेषेवर ठेवून उभा राहिलो आणि तुझे म्हणणे आठवले की मारणाऱ्याच्या टेकलेल्या पायाकडे बघायचे. मी बघितले, डावीकडे झेपावलो, आणि मी जिथे उभा होतो नेमक्या त्याच जागेवरून चेंडू आत गेला. हललो नसतो तर पोटावर आदळला असता.

पण ही कबुली नव्हे. ती त्याआधीची आहे. विसाव्या मिनिटाच्या सुमारास त्यांच्या मध्यरक्षकाने बचाव फळीच्या मागे एक चेंडू सोडला आणि त्यांचा नऊ नंबर त्यावर सुटला. डावा बॅक माझ्या कानीकपाळी ओरडला, "बाहेर ये! बाहेर ये!" तेच दोन शब्द, जे मी तुला प्रत्येक सामन्यात दहा-बारा वेळा ऐकवले असतील, आणि गेल्या वर्षीच्या त्या उपान्त्य सामन्यानंतर तर सगळ्यांसमोर ऐकवले होते. मी दोन पावले पुढे गेलो आणि थबकलो. पुढे जावे तर कोन अरुंद होतो पण डोक्यावरून चेंडू उचलायला त्याला मोकळीक मिळते. मागे राहावे तर सगळा गोल त्याला उघडा. आणि हे ठरवायला जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात एक श्वाससुद्धा पुरा होत नाही. तो चेंडू त्याने बाहेर मारला म्हणून मी वाचलो. पण त्या दोन पावलांत मला तुझा तो उपान्त्य सामन्यातला गोल जसाच्या तसा दिसला. तू तेव्हा चुकला नव्हतास. चूक माझी होती, कारण माझ्या हातून सुटलेल्या माणसासाठी तुला निर्णय घ्यावा लागला होता. हे मी त्या दिवशी म्हणायला हवे होते. आज लिहितो आहे.

मध्यंतरात सरांनी फार बोलणे केले नाही. ते जमिनीवर बसून पोटऱ्या चोळत होते. धावपटूला त्यांनी जवळ बोलावले आणि सांगितले, "ऑफसाइड समजून घेण्याच्या भानगडीत तू आज पडू नकोस. दोनच गोष्टी ध्यानात ठेव. चेंडू सुटताना तू मधल्या रेषेच्या आपल्या बाजूला असलास तर ऑफसाइड नाही. आणि थ्रो-इनवर ऑफसाइड नाही, तेव्हा तू कुठेही उभा राहा." मग व्हॉलीबॉलवाल्याला म्हणाले, "पाय जमिनीवर, दोन्ही हात डोक्यामागून. बाकी ताकद तुझी तुला ठाऊक." एवढेच. आपल्याला लहानपणी त्यांनी ऑफसाइड शिकवायला अख्खा पावसाळा घेतला होता, तुला आठवत असेल.

उत्तरार्धात प्रतिस्पर्धी गोल वाढवण्याच्या ईर्ष्येने पार मधल्या रेषेपर्यंत चढून आले, आणि तीच त्यांची चूक ठरली. सर खरोखरच उभे होते. त्यांच्याकडे चेंडू आला की ते तो एकाच स्पर्शात सोडत. चाळिसाव्या मिनिटाला त्यांनी मान वर न करताच बचाव फळीच्या मागे चेंडू ढकलला. मुलगा रेषेच्या अलीकडे, अगदी शर्यतीच्या सुरुवातीला वाकतात तसा वाकून उभा होता. मी त्याला पाठमोरा धावताना पाहिला. त्यांचे दोघे बचावपटू त्याच्याबरोबर निघाले आणि पाच पावलांत दिसेनासे झाले. गोलरक्षकासमोर पोहोचल्यावर मात्र पुढे काय करायचे असते हे त्याला माहीत नव्हते. त्याने अंगठ्याने चेंडू खुपसला, तो गोलरक्षकाच्या छातीवर आपटून परतला आणि मागून धापा टाकत आलेल्या आपल्या उजव्या बॅकने तो आत लोटला. सात वर्षांत त्याचा पहिला गोल! आनंद कसा साजरा करायचा हे न सुचून तो सवयीने बचावात परत पळत आला.

सत्तावन्नाव्या मिनिटाला सरांच्या पोटरीत गोळा आला. त्यांना उचलून बाहेर नेले आणि आम्ही दहाजण उरलो. यानंतर आपण बरोबरीवर समाधान मानू असे मी मनाशी ठरवले होते, हेही सांगून टाकतो. पण पुढच्याच चढाईत उजव्या बाजूला त्यांच्या गोलपासून वीसेक मीटरवर थ्रो-इन मिळाला. व्हॉलीबॉलवाल्याने चेंडू डोक्यामागे नेला, मी इतक्या दुरून त्याच्या पावलांकडेच पाहत होतो, आणि पावले जमिनीवर होती. चेंडू थेट जवळच्या खांबापाशी जाऊन पडला. तिथे मुलगा सगळ्या बचाव फळीच्या पलीकडे, निर्लज्जपणे एकटा उभा होता. त्यांच्या चौघांनी एकदम हात वर केले, गोलरक्षकही हात वर करून पंचांकडे पाहू लागला, आणि तेवढ्यात चेंडू मुलाच्या मांडीला लागून आत गेला. पंचांनी शांतपणे मध्यवर्तुळाकडे बोट दाखवले. मैदानाबाहेर पाय लांब करून बसलेले सर किती हसले म्हणून सांगू!

शेवटची दहा मिनिटे मला सलग आठवत नाहीत. एक चेंडू आडव्या खांबावर आदळला, एक कप्तानाने रेषेवरून काढला. शेवटच्या मिनिटाला एक साधा, सरपटत आलेला चेंडू मी पोटाशी कवटाळला आणि मनात म्हटले, आता सोडतच नाही. जिंकत असताना तू ज्या ऐटीत चेंडू घेऊन रेंगाळतोस तसाच रेंगाळलो. पंचांनी हात वर करून बोटे मोजायला सुरुवात केली, तरी मला ते मला उद्देशून आहे हे उमगले नाही. 2025 पासून आठ सेकंदांची मर्यादा आहे आणि ती ओलांडली की थेट कॉर्नर देतात, हे मीच तुला वाचून दाखवले होते! कॉर्नर दिला गेला. कप्तानाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी अनेकदा तुझ्याकडे पाहताना वापरली असेल.

कॉर्नरचा चेंडू वळत आला. या वेळी कोणी ओरडले नाही, कारण सगळे आपापल्या माणसाला धरून होते. मी बाहेर आलो. मुठी पुढे केल्या, चेंडूला चाटून गेल्या, चेंडू त्यांच्या स्टॉपरच्या पायाशी पडला आणि त्याने जीव खाऊन मारला. मी तोवर जमिनीवर आडवा होतो. चेंडू माझ्या गुडघ्यावर लागला, तिथून व्हॉलीबॉलवाल्याच्या कपाळावर आणि तिथून बाहेर. याला बचाव म्हणायचे असेल तर म्हण. थ्रो-इन घेण्याआधीच शिट्टी झाली.

आता कामाचे दोन विषय. तुझ्या डाव्या हातमोज्याची अंगठ्यापाशी शिवण उसवली आहे. मी तो धुऊन सावलीत वाळवला आहे आणि शिवूनच परत करीन. दुसरे म्हणजे, तुझे प्लास्टर निघायला आणखी तीन आठवडे आहेत आणि मधे दोन सामने आहेत. दोघे आघाडीवीर परत येतील, डावखुराही उठून बसला आहे, पण गोलमध्ये बहुधा मीच असेन. तेव्हा उलट पत्री एवढे कळव की वळत येणाऱ्या कॉर्नरला तू पहिले पाऊल नेमके केव्हा टाकतोस, चेंडू पायातून सुटल्यावर की उंची गाठल्यावर. आणि तेव्हा तू माझ्याकडे बघतोस का, कारण बघत असशील तर मी आजवर तुझ्या वाटेतच उभा राहत आलो आहे.

मनगटाला जप.

तुझाच,
तुझा स्टॉपर