टोकाच्या शेतापर्यंत नेणाऱ्या आप्पांना

आप्पा, नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. नातवाला सांगून ठेवलंय, जेवणं आटोपली की तो वाचून दाखवेल. घरी येऊन दोन शब्दांत आभार मानले असते तरी चाललं असतं, पण हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. आमच्या संशोधन स्पर्धेच्या अहवालात 'ऋणनिर्देश' नावाचं पान असतं आणि त्याचा साचा ठरलेला असतो. प्राचार्य, विभागप्रमुख, मार्गदर्शक, ग्रंथपाल सगळे मानाप्रमाणे पुढे बसले. तुम्ही, पाटाचं पाणी सोडणारे, मात्र मागे परिशिष्टात, 'मुलाखत : माजी पाटकरी, पांझरा खोरे' एवढ्यात उरकलात. ज्या माणसानं अख्ख्या कामाला वळण लावलं, त्याला एवढीशी जागा मला पटली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. राज्यातल्या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा २००६ पासून होते. तिच्यात विज्ञान, अभियांत्रिकी, शेती यांच्यासोबत मानव्यविद्यांचाही गट असतो आणि इतिहासाची मुलं तिथे जातात. किल्ला, मंदिर, स्वातंत्र्यसैनिक हे विषय दरवर्षी येतातच. आमच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, साक्री तालुक्यातली आहेस तर फडाचं बघ. फड म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आधी तमाशाचा आणि मग कुस्तीचा आला. पाण्याचा फड, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावानं मिळून वाटून घ्यायची पद्धत, आपल्या भागात शेकडो वर्षं चालत आला, हे मी पुस्तकात वाचलं, आणि घर तिथून हाकेच्या अंतरावर!

वही काढून मी पहिलाच प्रश्न विचारला, "फड पद्धत म्हणजे काय?" तुम्ही चपला घातल्या आणि म्हणालात, "पह्यले पाटवर चाल, मंग लिख."

त्या चालण्यात मला जे समजलं ते पुस्तकाच्या चार पानांत समजलं नव्हतं. नदीत दगडी बंधारा, तिथून काढलेला पाट, पाटातून चाऱ्या म्हणजे फाटे, चाऱ्यांतून सारंग म्हणजे शेताकडे नेणारे छोटे पाट आणि सारंगातून वावरात पाणी. उरलेलं सांडमावाटे, म्हणजे जादा पाण्याच्या वाटेनं, बाहेर. कुठेही मोटर नाही, पाणी उताराच्या जोरावर जातं. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली आणि एका फडात एकच पीक. यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू, आणि पाणी कमी दिसलं तर एखादा फड सरळ पडीक. हे एकट्यादुकट्यानं नाही, गावानं बसून ठरवायचं. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असल्यामुळे पडीक फडाचा तोटाही सगळ्यांच्या वाट्याला यायचा. पाणी सोडायचं पाटकऱ्यानं, राखण जागल्याची, दोघांवर देखरेख हवालदाराची. आता ज्याच्या त्याच्या विहिरीवर मोटर आली, तेव्हा शेजाऱ्याच्या फडाशी पीक जुळवून घ्यायची गरज कोणाला? बंधारे जागच्या जागी आहेत, पण बऱ्याच ठिकाणी ती बैठक मोडली आहे. हे तुम्ही हळहळत नाही सांगितलंत, हिशेब सांगावा तसं सांगितलंत.

पण माझे आभार खरे आहेत ते पुढच्या गोष्टीसाठी. माझी वही भरत आली होती, मी खुशीत होते. निघताना तुम्ही म्हणालात, "मन्हा एकलानं आयकी लिखू नको. टोकवालाले बी इचार." टोकवाले म्हणजे चारीच्या शेवटच्या वावराचे दादा. पाण्याच्या बारीवरून, म्हणजे पाळीवरून, तुमचं त्यांच्याशी बोलणं बंद आहे, हे गावात सगळ्यांना माहीत. तरी तुम्ही मला त्यांच्याच दारात पाठवलंत.

१९७२ च्या दुष्काळाबद्दल तुम्ही म्हणाला होतात, उसाचं पाणी सगळ्यांनी राजीखुशीनं तोडलं. दादा म्हणाले, राजीखुशी कसली, वरच्यांचा ऊस रात्रीचा भिजतच होता, आमच्या गव्हापर्यंत पाणी पोचलंच नाही. मी चाचरत तुम्हाला हे सांगितलं. तुम्ही जरा वेळ तंबाखू मळत बसलात आणि म्हणालात, रात्री मी पाटावर नव्हतो, त्याचंही लिही. साधनाची चिकित्सा, म्हणजे इतिहासाचा पुरावा पारखून घेणं, हे वर्गात आम्हाला व्याख्येसकट शिकवलेलं होतं. तिचा अर्थ मला तिथे कळला. आमच्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. दप्तरं धुंडाळत गावोगाव फिरणाऱ्या त्या माणसाला तुमची ही रीत आवडली असती, असं आपलं मला वाटतं.

आणि हो, परीक्षकांनी विचारलंच, "तीनशे-चारशे वर्षं जुनी म्हणतात, पुरावा काय?" मला तुमचं बोलणं आठवलं : आजापर्यंतचं मी सांगतो, त्याच्या आधीचं कागदाला विचार. कागद होता. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये पश्चिम भागातल्या नद्यानाल्यांवर जुन्या दगडी बंधाऱ्यांचे अवशेष असल्याची नोंद आहे. म्हणजे इंग्रज यायच्या आधीचं हे काम, एवढंच मी ठामपणे सांगितलं, शतकाचा आकडा सांगितला नाही. एका परीक्षकांनी मान डोलावली, दुसऱ्या बाई १९७२ च्या दोन्ही हकिकती शेजारी शेजारी लावलेल्या रकान्यापाशी बराच वेळ थांबल्या.

जिल्ह्याची फेरी पार झाली, विद्यापीठाच्या फेरीत गाडी अडली. तिथे निवडलेलं काम चांगलं होतं, तक्रार नाही. पोस्टर आता आमच्या विभागाच्या भिंतीवर आहे, आणि पुढच्या वर्षीच्या मुली तुमचा पत्ता विचारत आहेत. मी अजून दिलेला नाही, आधी तुमची परवानगी हवी.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी घरी येते आहे. अहवालाच्या दोन प्रती आणते, एक तुम्हाला आणि एक दादांना. त्यांची त्यांच्या घरी मीच नेऊन देईन. नकाशाही आणते. त्यात खालच्या अंगाच्या काही चाऱ्यांची नावं अजून कोरी आहेत. तुम्हाला आठवतील तेवढी सांगा, उरलेली दादांना विचारते.

तुमची,
पाटावरून चालताना दोनदा घसरलेली पोरगी