शनिवारी टाऊन हॉल संग्रहालय : तिसरी-चौथीच्या पालकांसाठी सूचना

नमस्कार पालकहो,
येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुलांना टाऊन हॉल संग्रहालयात नेणार आहोत. आपल्या कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटीशी कांस्यमूर्ती तिथे आहे. पंचगंगेकाठी हा देव आला कसा, याचा तर्क मुलांनीच लढवायचा आहे. कृपया घरी आधी उत्तर सांगू नका, त्यांची सगळी मजा त्यातच आहे. नंतर बाहेरच्या बागेत बसून मूर्तीचं चित्र आठवून काढायचं. कोरी वही, पेन्सिल, खोडरबर, डबा आणि पाणी द्या. मोबाइल नको. गुण नाहीत, स्पर्धाही नाही.
सोबतीला चार मोठी माणसं हवीत, आजी-आजोबा आले तरी आनंदच. गुरुवारपर्यंत ग्रुपवर नाव कळवा.